सवलतीतले तीन चिमटे

पेटीवर लिहिलेलं असतं : सायकल पंच्याऐंशी टक्के जोडून पाठवली आहे. गिऱ्हाईकाला वाटतं, म्हणजे झालीच की. उरलेल्या पंधरा टक्क्यांत हँडल असतं, पुढचं चाक असतं, दोन्ही ब्रेक असतात, पायडल असतात. थोडक्यात, माणूस पडणार की नाही हे ज्याच्यावर ठरतं, ते सगळं त्या पंधरा टक्क्यांत असतं. जबलपूरच्या रांझी भागात माझं सायकलचं दुकान आहे. गेली कित्येक वर्षं मी लोकांचे हे पंधरा टक्के जोडत आले आहे.

हे काम मी बाबांकडून शिकले. बाबा भंडाऱ्याकडून इथल्या सरकारी कारखान्यात कामाला आले आणि सुट्टीच्या दिवशी घरासमोर सोबतच्या कामगारांच्या सायकली दुरुस्त करू लागले. पुढे त्याचंच दुकान झालं. बाबांनंतर मी बसले तेव्हा लोक आधी आत डोकावून विचारायचे, ‘‘मिस्त्री कुठे आहे?’’ मी पाना हातात घेऊनच उत्तर द्यायची. हळूहळू माझं नाव ‘दीदी मिस्त्री’ पडलं. घरात सुनंदा, दुकानात दीदी.

ऑनलाइन खरेदी सुरू झाली आणि सणाच्या आधी पेट्यांची रांग लागू लागली. नमुनेही एकेक. एका गृहस्थांनी घरीच सायकल जोडली आणि वळताना बूट चाकाला घासतो म्हणून कंपनीला तीन तक्रारी पाठवल्या. माझ्याकडे आणली तेव्हा पाहिलं, पुढचा चिमटा उलटा बसवलेला होता. डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं हे माहीत नसल्यानं जोर लावून आटे खाणारे तर दर आठवड्याला. आणि काही जण नुसतं माप घ्यायला यायचे. ‘‘दीदी, ज़रा देख के बताना, इसमें कौन-सा टायर लगेगा?’’ मी सांगायची, ते माझ्यासमोर उभं राहूनच फोनवर टायर मागवायचे.

मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? माझ्या दुकानातला माल धूळ खात होता. त्यामुळे पेटीतून काहीही निघालं की मी नाक मुरडायची. घंटी आली तर आवाज बसका, ट्यूब आली तर रबर कच्चं. एकदा एकानं हवेचा पंप आणला होता. पंप चांगला होता. मी त्यालाही नावं ठेवली. त्या सवयीची शिक्षा मला पुढे मिळाली, तीच इथे सांगायची आहे.

आधी चिमटा म्हणजे काय ते सांगते. पुढचं चाक ज्या दोन पायांमध्ये धरलेलं असतं, तो चिमटा. त्याचा वरचा पाईप सायकलीच्या मानेतून वर जातो आणि त्याला हँडल लागतं. चेन तुटली तर माणूस पायी घरी येतो. पंक्चर झालं तरी पायी येतो. चिमटा तुटला तर हातात नुसतं हँडल राहतं आणि तोंड थेट रस्त्यावर. चांगला चिमटा वर्षानुवर्षं काही कुरकुर करत नाही. वाईट चिमटाही करत नाही, तुटेपर्यंत.

देव सर हे आमच्या भागातले निवृत्त गणिताचे मास्तर. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलंच. हृदयाचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला आणि सर सायकलीच्या नादी लागले. सायकलीपेक्षाही सवलतीच्या नादी जास्त. एका दिवाळीच्या सेलमध्ये त्यांना हलक्या धातूचा चिमटा सत्तर टक्के सवलतीत मिळाला. दोन घेतले तर आणखी सूट होती, म्हणून त्यांनी दोन घेतले. शिवाय बँकेत काम करणाऱ्या नितीनलाही एक घ्यायला लावला.

सरांचा चिमटा मी बसवायला घेतला. नवा पाईप मापानं कापावा लागतो. करवतीनं कापला आणि तोंडाशी बघितलं तर पाईपाची जाडी एका अंगाला जास्त, दुसऱ्या अंगाला कागदासारखी.

‘‘सर, हे बघा,’’ मी म्हणाले. ‘‘पाईप एकसारखा नाही. मला काही हा बरोबर वाटून नाही राहिला.’’

सरांनी चष्मा वर केला, पाईप पाहिलाही नाही. ‘‘सुनंदाताई, राग मानू नका. पण ऑनलाइन आलेली कोणती वस्तू तुम्हाला आजवर बरोबर वाटली?’’

दुकानात दोघे-तिघे उभे होते, ते हसले. मीही हसले. आणि चिमटा बसवला. पुढच्या आठवड्यात नितीनचाही बसवला, तेव्हा तर तोंडही उघडलं नाही. मग एक बाई सरांनी दिलेला दुसरा चिमटा घेऊन आली, तिचाही बसवला. तिचं नाव मी विचारलं नाही. नाव-पत्ता विचारायची पद्धतच तेव्हा माझ्या दुकानात नव्हती.

हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवार होता, सकाळचे साडेदहा-अकरा झाले असतील. दुकानासमोर ऑटो थांबला. आतून नितीन उतरला, हनुवटीला पट्टी, तळहात सोललेले. मागून ऑटोवाल्यानं सायकल काढली. पुढचं चाक वेगळं काढून ठेवलं होतं.

‘‘दीदी, स्पीडब्रेकर पे हल्का-सा झटका लगा, बस. पहिया आगे निकल गया,’’ तो म्हणाला. ‘‘धीरे चला रहा था, इसलिए बच गया.’’

मी तुटलेला चिमटा उजेडात धरला. दोन पाय जिथे पाईपाला मिळतात, बरोबर तिथून तुटला होता. आणि तुटलेली कड दोन रंगांची होती. थोडी कड चकचकीत, बाकी सगळी काळपट. चकचकीत भाग आजचा. काळपट भाग आधीच तडकलेला होता, कित्येक दिवस हळूहळू फाटत आला होता आणि नितीन रोज त्यावर बसून बँकेत जात होता.

हे मी बसवलं होतं. असे तीन बसवले होते.

सरांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग त्यांच्या घरी लावला, काकूंनी उचलला.

‘‘सर आहेत का?’’

‘‘आज मंगळवार ना? पाटनला गेलेत सायकलीनं. फोन मागच्या पिशवीत असतो, ऐकू येत नाही त्यांना. काहून, काय झालं?’’

‘‘काही नाही काकू. आले तर मला आधी फोन करायला सांगा.’’

मी शटर ओढलं, तुटलेला चिमटा आणि पाने-चाव्यांची थैली स्कूटरच्या पायाशी ठेवली आणि निघाले. शहराबाहेरचा पाटनचा रस्ता सरळ आहे, चांगला आहे, म्हणूनच सर तिथे जोरात चालवतात हे मला माहीत होतं. त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, उतारावर किती वेग गाठला ते. त्या वयात, त्या ऑपरेशननंतर, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असताना. नितीन धीरे होता म्हणून वाचला, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

मटारचे दिवस होते. ट्रॉल्या भरभरून शहराकडे येत होत्या. शहर मागे पडलं आणि बऱ्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला माणसांचा घोळका दिसला. दहा-पंधरा जण खाली वाकून काहीतरी बघत होते. मी स्कूटर हळू केली. जवळ गेले तर एका ट्रॉलीतून गोणी पडून फुटली होती, मटाराच्या शेंगा रस्त्यावर पसरल्या होत्या आणि लोक त्या गोळा करत होते. एक जण मला म्हणाला, ‘‘दीदी, साइड से निकल जाओ.’’ मी कडेनं स्कूटर काढली.

त्यानंतर तीन-चार किलोमीटरवर, एका छोट्या पुलाच्या कठड्यावर देव सर बसलेले दिसले. सायकल शेजारी टेकवलेली. ते खिशातून शेंगा काढून दाणे खात होते.

‘‘अरे सुनंदाताई! तुम्ही इकडे कशा?’’

मी स्कूटरवरून उतरले आणि आधी त्यांच्या सायकलीचं हँडल धरलं, जणू ती पळून जाणार होती. मग तुटलेला चिमटा त्यांच्यापुढे केला. ‘‘नितीनचा आहे. आज सकाळी तुटला.’’

सरांनी तो उलटसुलट पाहिला. मी काळी कड दाखवली, काय झालं असेल ते सांगितलं. त्यांनी स्वतःची सायकल निरखली, पुढचा ब्रेक धरून मागेपुढे हलवली. ‘‘माझा तर ठणठणीत दिसतोय. एखादा पीस खराब निघू शकतो, ताई. त्यावरून—’’

‘‘खोलून बघू.’’

तिथेच पुलावर मी चाक काढलं, चिमटा खाली ओढला, पुसून पाहिला. कुठेही तडा नव्हता. सर माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुकानातलं ते हसू येऊ पाहत होतं. क्षणभर मलाच वाटलं, आपण उगाच घाबरलो का?

‘‘सर, तुमचा रस्ता सरळ आहे, सायकलीवर ओझंही नसतं,’’ मी म्हणाले. ‘‘दुसरा चिमटा कोणाकडे आहे? ती बाई कोण होती?’’

सरांचं हसू जागीच थांबलं.

‘‘भारती,’’ ते म्हणाले. ‘‘ग्वारीघाटावर फुलं विकते. माझी जुनी सायकल मी तिला दिली होती, तिचा चिमटा जाम झाला होता म्हणून... ताई, ती पुढे फुलांची बोरी लटकवते. मागे मुलगी बसते.’’

भारतीचा फोन लागेना. सर म्हणाले, ती दुपारी मुलीला शाळेतून घेते आणि दीडच्या सुमाराला दोघी घाटावर येतात. मी घड्याळ पाहिलं. बारा वाजत होते. सरांची सायकल जवळच्या शेतावरच्या माणसाकडे ठेवली, सर माझ्या मागे बसले आणि आम्ही उलटे फिरलो.

पूर्ण शहर ओलांडून जायचं होतं. सिग्नल, बाजार, मध्येच एक वरात. सर मागून सारखे म्हणत होते, ‘‘हळू ताई, आपणच पडू.’’ मी ऐकत नव्हते. मला ती बाई आता स्पष्ट आठवत होती. तिच्या चिमट्याचा पाईप कापला तेव्हाही कड तशीच निघाली होती, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. ती बाजूला उकिडवी बसून बघत होती. तिनं विचारलं होतं, ‘‘दीदी, मजबूत है ना? आगे बोरी लटकती है मेरी.’’ आणि मी मान वर न करता म्हणाले होते, ‘‘सर लाए हैं, तो देख के ही लाए होंगे.’’

त्या वाक्यात खोटं काहीच नव्हतं. मी फक्त माझा शब्द त्यातून काढून घेतला होता. सरांनी चारचौघांत हसं केलं होतं ना, मग सरांनीच निस्तरावं. हे मी तेव्हा स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. सर मागे बसलेले असताना स्कूटरवर ते मला कळलं.

नदीच्या घाटावर पोचलो. भारतीची जागा रिकामी होती, नुसती टोपली पालथी ठेवलेली. शेजारी दिवे विकणारी म्हातारी म्हणाली, ‘‘आती होगी, बिटिया को लेने गई है.’’

आम्ही परत वर, उताराच्या मध्यावर येऊन उभे राहिलो. घाटाकडे येणारा रस्ता तिथे बऱ्यापैकी उतरतो. ऑटो, पूजेला आलेली माणसं, गाई. आणि मग वरच्या वळणावर ती दिसली. हँडलला झेंडूची भरलेली बोरी, मागे कॅरिअरवर शाळेच्या गणवेशातली आठ-नऊ वर्षांची मुलगी. रोजचा रस्ता असल्यासारखी निवांत येत होती.

सरांनी हात वर केला आणि ओरडायला तोंड उघडलं. मी त्यांचा हात खाली ओढला.

‘‘ओरडू नका!’’

‘‘अहो पण—’’

‘‘दचकली तर पुढचा ब्रेक दाबेल. सगळा भार चिमट्यावर येईल. गप उभे राहा.’’

सायकलवाल्याशिवाय कोणाला हे सुचणार नाही, पण ते खरं आहे. उतारावर पुढचा ब्रेक करकचून दाबला की चिमट्यावर जेवढा ताण येतो, तेवढा दुसऱ्या कशानं येत नाही. तिला थांबवायला जाऊन आम्हीच तिला पाडलं असतं.

मी रस्त्याच्या कडेनं वर चालू लागले, जणू माझ्या कामाला चालले आहे. ती जवळ आली. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही. ती शेजारून पुढे जाताच मी वळले, दोन्ही हातांनी मागचं कॅरिअर धरलं आणि तिच्या मागे पळत पळत मागे ओढू लागले. मुलांना सायकल शिकवताना धरतात, तसं. माझं वय तेव्हा साठीच्या घरात. चपला सटकत होत्या.

‘‘मम्मी, कोई पकड़ रहा है!’’ मुलगी किंचाळली.

भारतीनं मान वळवली. हँडल डुगडुगलं. बोरी डावीकडे झुकली.

‘‘पीछे मत देखो!’’ मी म्हणाले. जमेल तितक्या शांत आवाजात. ‘‘भारती, मैं दीदी, साइकिल वाली. ब्रेक मत छूना. सिर्फ़ पाँव घसीटो. दोनों पाँव.’’

तिनं का ऐकलं, मला माहीत नाही. कदाचित तिचं नाव घेतलं म्हणून. तिनं पाय खाली सोडले, चपला रस्त्यावर घासल्या. मी मागे झुकले, सगळं वजन टाचांवर टाकलं. सायकल आणखी आठ-दहा पावलं गेली आणि थांबली. आधी मी मुलीला उचलून खाली ठेवलं. मग सर धावत आले आणि त्यांनी बोरी काढून घेतली. मला श्वास घेता येत नव्हता. मी तिथेच रस्त्याच्या कडेला बसले.

भारती घाबरली होती आणि चिडलीही होती. ‘‘क्या हुआ? ऐसे कोई पकड़ता है क्या?’’

मी पाने-चाव्या काढल्या. कडेच्या एका झाडाखाली सायकल नेली, चाक उतरवलं, चिमटा ओढून काढला आणि मानेच्या मुळाशी लागलेलं ग्रीस पदरानं पुसलं. समोरच्या बाजूला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, केसाएवढी रेघ होती.

सर म्हणाले, ‘‘ओरखडा असेल.’’ म्हणाले खरे, पण आवाजात जीव नव्हता. त्यांनी रेघेवरून नख फिरवलं. नख अडकलं. त्यांनी हात काढून घेतला आणि तो कितीतरी वेळ दुसऱ्या हातात धरून ठेवला.

मी भारतीला नितीनचा तुटलेला चिमटा दाखवला आणि सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता मुलीला जवळ ओढत गेली.

‘‘ग़लती मेरी है, भारती,’’ सर म्हणाले. ‘‘मैंने ही मँगवाया था. सस्ता देखा और ले लिया.’’

तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच बघत राहिली. ‘‘दीदी, मैंने आपसे पूछा था.’’

‘‘हाँ.’’

‘‘आपको तब पता था?’’

कितीतरी उत्तरं देता आली असती. पक्कं माहीत नव्हतं, हे खरंच होतं. मी म्हणाले, ‘‘शक था. बोली नहीं.’’

ती बोरीकडे वळली. मग म्हणाली, ‘‘सर को तो क्या पता. आपको पता था.’’ तिनं बोरी डोक्यावर घेतली, मुलीचा हात धरला आणि दोघी उतार उतरून घाटावर गेल्या. आज फुलं विकायची होतीच.

परत येताना सर माझ्या मागे स्कूटरवर बसले. माझ्या दुकानापाशी उतरल्यावर म्हणाले, ‘‘तुम्ही मला सांगितलं होतं, ताई.’’

‘‘एकदा सांगितलं, सर. दुसऱ्यांदा सांगायला पाहिजे होतं. आणि तिला तर एकदाही नाही.’’

सरांनी विकणाऱ्याकडे तक्रार केली, फोटो पाठवले. उत्तर आलं की चिमटा अप्रशिक्षित माणसानं बसवल्यामुळे तुटला असावा. सरांना फार राग आला, माझ्या वतीनं त्यांनी लांबलचक पत्र लिहिलं. मला त्या उत्तराचं काही वाटलं नाही. माझं बसवणं बरोबर होतं. चुकलं होतं ते दुसरंच, आणि त्याची तक्रार कुठे करता येत नाही.

त्यानंतर दुकानात दोन गोष्टी बदलल्या. कोणाचंही काम घेतलं की नाव आणि फोन लिहून घेते. आणि पेटीतून चांगली वस्तू निघाली तर ‘चांगली आहे’ असं मोठ्यानं म्हणते. कठीण जातं, पण म्हणते. त्यामुळे एखाद्या वस्तूला ‘ही मी बसवणार नाही’ म्हटलं की आता लोक थांबून ऐकतात. सगळेच नाही. काही जण उठून पुढच्या दुकानात जातात.

भारतीसाठी मी त्या मापाचा एक लोखंडी चिमटा शोधून काढला. जड होता, पण दोन बोऱ्यांचं ओझं घेईल असा. सर तो तिला देऊन आले. तिनं घेतला. मला वाटलं, बसवायला माझ्याकडे येईल. चार-पाच दिवस मी वाट पाहिली. मग सरांकडून कळलं, तिनं तो सदर भागातल्या एका मिस्त्रीकडून बसवून घेतला.

मला राहवलं नाही. एका सकाळी मी ग्वारीघाटावर गेले. ती हार ओवत बसली होती, सायकल मागे भिंतीला टेकलेली. मी वाकून बघितलं. चिमटा सरळ होता, नट नीट कसलेले, मान डुगडुगत नव्हती. बसवणाऱ्यानं बरोबर बसवला होता. फक्त पुढच्या ब्रेकची तार ढिली वाटली. थैलीत पाना होता. हात त्याच्याकडे गेला आणि मी तो मागे घेतला.

भारती माझ्याकडे बघत होती.

‘‘आगे के ब्रेक का तार ढीला है,’’ मी म्हणाले. ‘‘जिसने लगाया है, उसी से कसवा लेना. आज ही.’’

तिनं हातातला हार टोपलीत ठेवला, उठली, ब्रेक दाबून पाहिला. पुन्हा एकदा दाबला.

‘‘हाँ, है तो,’’ ती म्हणाली. ‘‘बोल दूँगी उसको.’’

मग ती परत जाऊन हार ओवू लागली आणि मी घाट चढून स्कूटरकडे आले.